अस्वलाची गोष्ट आणि डिलीटचं बटण

“मॅडम, बाबांची फाईल उघडतच नाही. मी मोलगीला निघाले. तिथला मोबाईलवाला म्हणतो, अ‍ॅप काढून परत टाकलं की सगळं ठीक होतं.”

“सुनीता, अ‍ॅप काढू नको! ऐकू येतंय ना? काहीही झालं तरी अ‍ॅप—”

फोन कटला. मी परत लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’ परत लावला. तेच. सुनीताच्या पाड्यावर रेंज फक्त एका टेकाडावर येते, आणि ती टेकाडावरून उतरायला लागली होती. माझं शेवटचं वाक्य तिने ऐकलं की नाही, हे मला कळायला काही मार्ग नव्हता.

मी नंदुरबारला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टचं काम करते. सपोर्ट म्हणजे लोकांचं अ‍ॅप अडलं की शिव्या खायच्या आणि मग ते चालू करून द्यायचं. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गाणी, गोष्टी, जुन्या हकीकती रेकॉर्ड करणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही एक अ‍ॅप बनवलं होतं. सुनीता पावरा ही त्या संस्थेची कार्यकर्ती. टॅब घेऊन पाड्यापाड्यांत फिरायची, लोकांना बोलतं करायची. कामाला चटपटीत आणि बोलायला त्याहून.

आणि ही फाईल तिच्या स्वतःच्या वडिलांची होती.

सायसिंगबाबांना मोलगीकडच्या पाच-पंचवीस पाड्यांत अस्वलाच्या गोष्टीसाठी ओळखतात. त्यांच्या वडिलांना मोहाची फुलं वेचताना अस्वल भेटलं, त्याची ती गोष्ट. पण बाबांचा हट्ट असा, की मोह पडायला लागल्याशिवाय ती सांगायची नाही. एरवी मुख्यमंत्री आले तरी नाही. म्हणून सुनीता कित्येक महिने थांबली होती. मोह पडायला लागला आणि त्याच सुमाराला बाबांच्या घशातल्या गाठीचा रिपोर्ट आला. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

नाशिकला निघायच्या दिवशी सकाळी बाबा मोहाखाली बसले आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. सुनीताने रेकॉर्ड केली. मग लगेच जीपने ती बाबांना घेऊन गेली. ऑपरेशन झालं, बाबा वाचले. बाबांजवळ भावाला ठेवून ती दोन दिवस घरी आली, टॅब उघडला, फाईलवर बोट ठेवलं, तर स्क्रीनवर आलं : ‘ही फाईल उघडता येत नाही.’

आता परत रेकॉर्ड करू म्हणायला आवाजच उरला नव्हता.

अ‍ॅप काढून परत टाकणं हा मोबाईल दुकानातला रामबाण उपाय आहे, आणि दहातल्या आठ वेळा तो लागूही पडतो. पण आमचं अ‍ॅप रेकॉर्डिंग टॅबमधल्या आपल्या स्वतःच्या खोलीत ठेवायचं. अ‍ॅप काढलं की अँड्रॉइड ती खोली सामानासकट मोकळी करतं. मग मात्र ती फाईल देवालाही सापडत नाही.

मी लॅपटॉप बॅगेत भरला. सरांनी केबिनमधून अहिराणीत विचारलं, “कथा चालनी तू?”

“मोलगी.”

“मोलगी? एक फाईलसाठे? फोनवर सांग ना.”

“फोन लागस नही, सर.”

“मंग उद्या सांग. अशी डोंगरमा पळत फिरशी ते हाफिसमा कोन बसी?”

“उद्यालोंग फाईल ऱ्हायनी नही म्हंजे?” एवढं म्हणून मी जिना उतरले. सर माणूस वाईट नाही. पण त्यांना तिकीट दिसतं. तिकीट म्हणजे आमच्याकडे आलेल्या तक्रारीचा नंबर. त्या नंबरामागे कुणाचा बाप आहे हे तिकिटावर लिहिलेलं नसतं.

अक्कलकुव्यापर्यंत एसटी मिळाली. पुढे बाजाराच्या जीपमध्ये कोंबड्या, कांद्याच्या पिशव्या आणि माणसं यांच्यामध्ये जेवढी जागा उरली तेवढ्यात मी बसले. घाटात रेंज आली की फोन लावायचा, गेली की गप्प बसायचं. शेजारच्या मावशींनी दोनदा विचारलं, कुणी आजारी आहे का. मी म्हटलं, टॅब आजारी आहे. त्यांनी मान डोलावली, म्हणजे त्यांना ते पटलं होतं.

मोलगीचा बाजार म्हणजे डोंगर खाली उतरून रस्त्यावर बसलेला असतो. मोबाईलचं दुकान शोधायला वेळ लागला नाही, सगळ्यात मोठी गर्दी तिथेच होती. काउंटरच्या मागे रवीभाऊ, मूळचे तळोद्याचे, दोन्ही हातांत दोन मोबाईल आणि खांद्याने कानाशी धरलेला तिसरा. काउंटरच्या कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या मोबाईलचा ढीग. आणि त्या ढिगाच्या शेजारी, दुकानाच्या पायरीवर, सुनीता.

“झालं का?” मी लांबूनच ओरडले. “काढलं का अ‍ॅप?”

तिने हातानेच ‘काय?’ असं विचारलं. मी गर्दीत घुसले.

“ओ ताई, थांबा ना जराखा,” रवीभाऊ म्हणाले. “लाईन शे आठे.”

“भाऊ, तिन्हा टॅब माले द्या. त्यामातलं अ‍ॅप काढशात ते सगळं जाई.”

“तो टॅब? तो ते अजून हातमा भी लिन्हा नही मी. बाजारना दिन शे, सकायपाईन चहा पेवाले टाईम नही भेटना.”

टॅब ढिगाच्या तळाशी होता. जसाच्या तसा. मी तो काढून छातीशी धरला आणि तिथेच पायरीवर बसले. खरं सांगते, मला रडू आलं. बाजारातल्या गर्दीवर आयुष्यात पहिल्यांदाच माझा एवढा जीव जडला होता.

सुनीताचा चेहरा बघितला तेव्हा कळलं, तिला ‘काढू नको’ हे ऐकूच आलं नव्हतं. ती फक्त नंबर लागायची वाट बघत बसली होती.

रवीभाऊंनी लगेच स्टूल दिलं, चहा सांगितला आणि लॅपटॉपसाठी प्लगही मोकळा केला. मी केबल लावली. सगळ्यात आधी सगळं फोल्डर लॅपटॉपवर कॉपी केलं, मग त्याची पेन ड्राइव्हवर आणखी एक कॉपी. या धंद्यात दुरुस्ती नंतर, नक्कल आधी. मग फाईलचा आकार बघितला. चांगली मोठी होती.

“सुनीता, फाईल रिकामी नाही. आत काहीतरी आहे.”

“मग उघडत का नाही?”

तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. आवाजाची फाईल म्हणजे एक जाडजूड पुस्तक समजा. आवाज येतो तशी पानं छापली जातात. पण कुठलं पान कुठे आहे, ही अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी, रेकॉर्डिंग थांबवलं की लिहिली जाते. ती नसेल तर मोबाईलला पुस्तकात काय आहे तेच कळत नाही. तो सरळ हात वर करतो. बाबांच्या फाईलमध्ये पानं होती, अनुक्रमणिका नव्हती.

म्हणजे अ‍ॅपला ती लिहायला सवड मिळाली नव्हती. ते का, हा प्रश्न मी नंतरवर ठेवला. आधी आवाज.

अशा फाईलवर एक उपाय असतो. त्याच टॅबवर, त्याच अ‍ॅपमध्ये दुसरं रेकॉर्डिंग करायचं आणि ते व्यवस्थित बंद करायचं. त्या चांगल्या फाईलची घडण बघून लॅपटॉपवरचा एक प्रोग्रॅम मोडक्या फाईलची अनुक्रमणिका नव्याने तयार करतो. मी टॅब दुकानाच्या दारात धरला आणि थोडा वेळ मोलगीचा बाजार रेकॉर्ड केला. भाव करणाऱ्या बायका, जीपचा हॉर्न, कोंबड्या, सगळं. थांबवलं. प्रोग्रॅम चालवला. नवी फाईल तयार झाली. सुनीताने इअरफोन कानात घातले.

तिने ते लगेच काढले. “नुसती खरखर आहे, मॅडम.”

मी ऐकलं. खरखरच होती. आत कुठेतरी माणूस बोलतोय असं वाटावं, पण शब्द नाही. सुनीताने इअरफोनची वायर बोटाला गुंडाळायला घेतली आणि गुंडाळतच राहिली.

“त्या दिवशी रेकॉर्डिंग करताना काही वेगळं केलं होतंस का?” मी विचारलं. “आठव. काहीही.”

“काही नाही. बाबांचा आवाज बसलेला होता, म्हणून शर्टाला लावायचा तो छोटा माईक लावला.”

“आणि मी आत्ता लावला का?”

“नाही.”

टॅबचा माईक आवाज एका पद्धतीने घेतो, बाहेरून लावलेला वेगळ्या. मी बाजाराचा जो नमुना घेतला होता त्याची घडणच वेगळी होती. सुनीताने पिशवीतून माईक काढला. परत नमुना घेतला. या वेळी रवीभाऊंच्या कॉलरला माईक लावला आणि सांगितलं, बोला काहीतरी. त्यांनी मोबाईल कव्हरचे भाव म्हणून दाखवले. थांबवलं, प्रोग्रॅम चालवला, इअरफोन सुनीताला दिले.

ती ऐकत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले. मग तिचे डोळे भरले आणि ती हसायला लागली.

“बाबा खोकतात,” ती म्हणाली. “आधी खोकतात, मग मला म्हणतात, ते यंत्र जरा लांब धर.”

मी रवीभाऊंना टाळी दिली. त्यांना नक्की काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्यांनीही जोरात टाळी दिली आणि आणखी एक चहा सांगितला.

आता राहिलेला प्रश्न. अ‍ॅपला सवड का मिळाली नाही?

“सुनीता, गोष्ट संपल्यावर तू काय केलंस ते मला करून दाखव. जसं केलं तसंच.”

संस्थेने नुकतेच सगळ्या कार्यकर्त्यांना टॅबसाठी छोटे ब्लूटूथ कीबोर्ड दिले होते, ऐकता ऐकता टिपणं लिहायला. सुनीताने कीबोर्ड मांडीवर घेतला. रेकॉर्डिंग सुरू केलं. थोडं बोलली. मग तिची बोटं अशी चालली की मला दिसलंच नाही.

“हळू,” मी म्हटलं.

“ऑल्ट दाबून कीबोर्डवरची ‘टॅब’ नावाची कळ. सगळी उघडी अ‍ॅप रांगेत येतात. मग डिलीट, डिलीट, डिलीट. झाडलं.”

मला वाटलं होतं ऑल्ट-टॅब कुणाला येत नसेल. हिने तर त्यात डिलीटपण शोधून काढलं होतं. रांगेतल्या अ‍ॅपवर डिलीट मारलं की ते बंद होतं, बोटाने वर सरकवून फेकल्यासारखं.

“पण रेकॉर्डिंगचं लाल बटण?”

“झाडलं म्हणजे बंदच झालं ना, मॅडम. व्हॉट्सअ‍ॅप झाडलं तर मेसेज जातात का? फोटो झाडले तर फोटो जातात का? राहतात ना सगळे. बोटाने करायचे तेव्हा मी लाल बटणच दाबायचे, ते समोर दिसायचं. कीबोर्ड आल्यापासून हे सोपं पडतं. आणि त्या दिवशी बॅटरी लाल झाली होती, जीप हॉर्न मारत होती.”

व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी आपलं अ‍ॅप झाडलं तरी काही जाणार नाही असं बनवलं होतं. आम्ही नव्हतं बनवलं. आमचं अ‍ॅप धरून चाललं होतं की माणूस लाल बटण दाबणार, ‘सेव्ह झालं’ असं वाचणार आणि मगच उठणार. एसीत बसलेला माणूस तसं करतो. पाड्यावर दिवसातून किती वेळ लाईट राहील याचा भरवसा नसतो, म्हणून तिथे काम झालं की पहिलं काम म्हणजे झाडणं.

“सगळासले मीच सांगस,” रवीभाऊ मध्येच म्हणाले, जरा अभिमानानेच. “काम व्हयनं का झाडी टाका. बॅटरी टिकस.”

“तुमचं खरं शे, भाऊ. आमनं अ‍ॅप चुकनं,” मी म्हटलं.

तेवढ्यात सरांचा फोन आला. “भेटनी का फाईल?”

“भेटनी, सर.”

“वा! काय प्रॉब्लेम व्हता?”

मी सांगितलं. ते लगेच म्हणाले, “मंग हाई यूजर एरर शे. तिनी बटन दाबं नही. तसं लिखी टाक नि तिकीट बंद कर.”

“सर, आठे पुरा डोंगर झाडी ऱ्हायना. मोबाईलवालाच शिकाडस तसं. सगळाच जर चुकी ऱ्हायनात ते चुकी त्यासनी नही, आपली शे.”

मागून कोंबडी ओरडली. “बरं,” सर म्हणाले, “ये मंग. बसू त्यावर.”

बसलो. खरंच बसलो, सगळी टीम. अ‍ॅपचं मरण नीट लिहायला घेतलं. आमच्या भाषेत याला टर्मिनेशन हाताळणं म्हणतात. माणूस कधी बटण दाबून अ‍ॅप नीट बंद करतो, कधी झाडून टाकतो, कधी सिस्टीमच त्याला मारते, कधी बॅटरी संपते. पहिल्या प्रकारात अ‍ॅपला निरोप घ्यायला वेळ मिळतो. बाकीच्यांत मिळेल याची काही खात्री नसते. म्हणून निरोपाच्या वेळी करू म्हणून काहीही बाकी ठेवायचं नाही. आता आमचं रेकॉर्डिंग छोट्या छोट्या तुकड्यांत होतं आणि प्रत्येक तुकडा त्याच्या अनुक्रमणिकेसकट तिथल्या तिथे पूर्ण होतो. मध्येच कुणी झाडलं तर गेला तर शेवटचा तुकडा जाईल, गोष्ट नाही. शिवाय उघडताना अ‍ॅप आधी बघतं की मागे काही अर्धवट पडलंय का, आणि असेल तर स्वतःच जोडून घेतं. कीबोर्डवाल्यांसाठी कंट्रोल आणि एसची कळ दिली : दाबलं की थांबतं आणि सेव्ह होतं. सुनीताला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “हे आधी असतं तर मी तेच दाबलं असतं ना.” बरोबर होतं तिचं.

बाबा नाशिकहून घरी आले तेव्हा सुनीताने मला बोलावलं. नवं अ‍ॅप टॅबवर टाकायचं होतंच. पण खरं म्हणजे मला ती गोष्ट ऐकायची होती. दुरुस्त करताना मी फक्त आवाज ऐकला होता. गोष्ट पावरीत होती, आणि पावरी मला येत नाही.

अंगणात बाबा खाटेवर बसले होते. गळ्याला स्वच्छ पांढरं फडकं बांधलेलं. बारीक झाले होते, पण डोळे खट्याळ. सुनीताची आई, शेजारपाजारच्या बायका, दोन-तीन म्हातारे, सगळे जमले होते. सुनीताने टॅबला स्पीकर लावला आणि माझ्याशेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगू लागली.

बाबांचा खोकला. ‘यंत्र लांब धर.’ सगळे हसले. बाबाही हसले, पण आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. मग गोष्ट सुरू झाली. पहाटे मोह वेचायला गेलेला बाबांचा बाप. झाडाच्या पलीकडून कुणीतरी फुलं वेचतंय असा आवाज. बापाला वाटलं शेजारी आहे. दोघेही वेचत राहिले. बाप त्याच्याशी पावसाबद्दल बोलला, बैलाबद्दल बोलला, बायकोची तक्रारसुद्धा केली. पलीकडून नुसतं ‘हं, हं’. उजाडलं तसं बापाने झाडाला वळसा घातला, तर अस्वल. आणि मध्ये ठेवलेल्या टोपलीत अस्वलाचं तोंड.

अंगणात कुणी हलत नव्हतं. सगळ्यांनी ही गोष्ट शंभरदा ऐकलेली, तरी.

“मग माझा बाप अस्वलाला म्हणाला—” सुनीताने सांगितलं.

आणि आवाज बंद झाला.

माझ्या लक्षात आलं. शेवटचे काही सेकंद फाईलमध्ये लिहिले गेलेच नव्हते. सुनीताने डिलीट मारलं तेव्हा ते अजून टॅबच्या मेमरीतच होते आणि तिथेच गेले. मी दुरुस्त केलेली गोष्ट शेवटच्या वाक्याशिवाय होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सगळ्या अंगणाने एकदम ओरडून काहीतरी म्हटलं. म्हातारे, बायका, सुनीताची आई, सगळ्यांनी एकाच वेळी.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“अर्धा मोह तुझा, अर्धा माझा. पण टोपली माझी.”

मी हसले. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी मान जोरजोरात हलवली. नाही, नाही. एक हात वर केला, सगळ्यांना थांबवलं. मग तळवा हळूहळू खाली आणला, जमिनीपर्यंत. आणि ओठांवर बोट ठेवलं.

“काय म्हणतात?”

सुनीता म्हणाली, “म्हणतात, अस्वल समोर आहे. ओरडायचं नाही. हळू बोलायचं.”

तिने टॅब घेतला, रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबांनी हात वर धरला. हात खाली आला आणि सगळं अंगण त्यांच्या हाताबरोबर हळू आवाजात बोललं. बाबांचे ओठही हलत होते. बोलून झाल्यावर त्यांनी सुनीताकडे बघून मान डोलावली. आता झालं.

तिने लाल बटण बोटाने दाबलं. ‘सेव्ह झालं’ असं आलं, ते तिने मोठ्याने वाचून दाखवलं आणि मगच टॅब खाली ठेवला.

आमच्याकडे नवीन मुलं कामाला येतात तेव्हा हौसेने सांगतात, आमचं अ‍ॅप किती पटकन उघडतं. मी म्हणते, छान. आता ते चालू असताना मध्येच मारून दाखवा. आणि मग सांगा, मागे काय राहिलं.